चंपाक्काचा फोन

दर गुरुवारी सकाळी साडेदहाला अहल्याबाई केस विंचरून, साडी बदलून पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसायच्या. विश्वेश्वरराव समोर फोन घेऊन बसायचे. मग निपाणीला चंपाक्काला फोन लागायचा. चंपाक्का म्हणजे अहल्याबाईंची थोरली बहीण.

बोलणं व्हायचं ते विश्वेश्वररावांच्याच तोंडून. अहल्याबाईंना सहा-सात वर्षांपासून कमी ऐकू यायला लागलं होतं. समोरचा माणूस त्यांच्याकडे तोंड करून जरा मोठ्यानं बोलला की त्यांना कळायचं, पण फोनमधला आवाज म्हणजे नुसती खरखर. एकदा कानाचं मशीन आणलं होतं. ते शिट्ट्या मारायचं. शिवाय देवळातल्या बायकांनी 'अय्यो, काय झालं अक्का?' म्हणून घोळका केला, त्या दिवशी ते डबीत गेलं ते गेलंच. तेव्हापासून विश्वेश्वरराव फोन स्पीकरवर टाकायचे, चंपाक्का काय म्हणाली ते बायकोकडे तोंड करून सांगायचे आणि बायको म्हणेल ते फोनमध्ये सांगायचे. फोन लावला की पडद्यावर चंपाक्काचा फोटो यायचा, नाकात मोरणी, डोक्यावर पदर. त्या फोटोकडे बघत अहल्याबाई बोलायच्या.

विश्वेश्वरराव सरकारी छापखान्यात कन्नड प्रुफं तपासून निवृत्त झाले होते. दोघांचीही घराणी कितीतरी पिढ्या बंगळूरची. त्यांचं घरातलं मराठी पुण्याच्या पाहुण्यांना अर्धं कन्नड वाटायचं. येलहंक्यात जुन्या पेठेच्या मागे त्यांचं दोन मजली घर होतं. मुलगा प्रणीत होसकोट्याच्या एका कारखान्यात होता, तो सकाळी साडेसहालाच बाहेर पडायचा. सून मनस्विनी मारतहळ्ळीच्या कंपनीत होती. आठवड्यातून दोन दिवस ती ऑफिसला जायची, बाकीचे दिवस वरच्या खोलीतून काम करायची.

मागच्या जूनमध्ये अहल्याबाईंची बायपास झाली होती. ती अवघडच गेली. सहा दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या. घरी आल्यावर लांबचा प्रवास बंद झाला. तिकडे चंपाक्काचे गुडघे गेलेले, म्हणजे तिलाही येता येईना. दसऱ्याला निपाणीला जायचं ठरलं होतं, ते पुढं ढकललं गेलं. मग संक्रांतीला ठरलं, तेही राहिलं. उरला तो गुरुवारचा फोन.

मे महिन्यात मनस्विनीनं नवे इअरफोन घेतले आणि जुने सासूला दिले. त्याचं कारण टीव्ही. अहल्याबाईंचं सकाळचं प्रवचन इतक्या मोठ्यानं लागायचं, की मनस्विनीच्या मीटिंगमध्ये पलीकडची माणसं 'घरी पूजा आहे का?' विचारायची. तिनं सासूच्या कानात ती रबराची बोंडं नीट बसवून दिली, टॅबवर प्रवचन लावलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. अहल्याबाईंना टाळ्यांचं काही ऐकू आलं नाही, प्रवचन मात्र शब्द न् शब्द ऐकू आलं. त्या खूश झाल्या. मनस्विनी नवऱ्याला म्हणाली, आता आईंच्या शेजारी ताशा वाजवला तरी त्यांना कळणार नाही.

हे मंगळवारचं. बुधवारी सकाळी उजव्या कानातलं बोंड सैल झालं म्हणून अहल्याबाईंनी ते बोटानं दाबून धरलं. कानात टिंग असं वाजलं, प्रवचन बारीक झालं आणि एकदम घर आत शिरलं.

आधी त्यांना कळेचना हे काय आहे. फ्रिजची घरघर होती. मोरीतल्या नळाचा एकेक थेंब बादलीत पडत होता. रस्त्यावर कोणीतरी 'सोप्पु, सोप्पु' ओरडत पालेभाजी विकत होतं. ती बाई रोज येते हे त्यांना माहीत होतं, पण ती ओरडते हे त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी बोंड काढलं, तर सगळं गेलं. परत घातलं, दाबलं, परत सगळं आलं. कान बंद करायच्या वस्तूतून बाहेरचं ऐकू यावं, आणि तेही उघड्या कानाला येत नाही इतकं, याचा त्यांना काही अर्थ लागेना. त्या टॅब बंद करून नुसत्या बसून राहिल्या.

हवाई दलाच्या तळावरची विमानं अलीकडे कमी झाली, असं त्या सगळ्यांना सांगत असत. त्या एका तासात डोक्यावरून तीन गेली.

सगळ्यात नवल त्यांना नवऱ्याचं वाटलं. त्या पाठमोऱ्या भाजी चिरत होत्या आणि विश्वेश्वरराव मागे वर्तमानपत्राच्या घड्या घालत त्यांच्याशी बोलत होते. "दोडके संपले बघ, अहल्या. उद्या आणतो." मग थोड्या वेळानं, "पाय सुजलाय का गं तुझा आज? स्वल्प वर ठेवून बस." उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. तिला ऐकू येत नाही हे ठाऊक असून हा माणूस तिच्या पाठीशी दिवसभर बोलत होता. किती वर्षं, कोण जाणे.

अहल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वळून सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग त्यांच्या मनात दुसरंच आलं. उद्या गुरुवार. उद्या चंपाक्काचा आवाज आपल्याला आपल्या कानानं ऐकू येईल. विश्वेश्वरराव काही सांगायच्या आधीच आपण मध्ये बोलायचं, 'चंपाक्का, तू बोल, मला ऐकू येतंय.' दोघांची तोंडं कशी होतील! म्हणून त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळी मनस्विनीला एवढंच विचारलं, की हे चार्ज कसं करायचं.

गुरुवारी त्यांनी चंपाक्कानंच मागे दिलेली जांभळी इरकल काढली. साडेदहाला खुर्चीत बसल्या, इअरफोन कानात घातले आणि केस नीट करायच्या निमित्तानं उजवीकडचं बोंड दाबलं. टिंग वाजलं. पंख्याची कुरकुर सुरू झाली.

विश्वेश्वररावांनी त्यांच्या कानांकडे बोट दाखवून, ते काढायचे नाहीत का, असं खुणेनं विचारलं. अहल्याबाई म्हणाल्या, राहू दे, मला कुठं फोनवरचं ऐकू येतं! ते हसले. त्यांनी नंबर लावला. चंपाक्काचा फोटो आला. तो त्यांनी बायकोला दाखवला आणि फोन आपल्या तोंडासमोर धरला.

अहल्याबाई पुढं सरकून बसल्या. फोनमधून आवाज आला. तो चंपाक्काचा नव्हता. एक तरुण बाई ठरलेल्या सुरात कन्नडमध्ये सांगत होती, की तुम्ही लावलेला नंबर सेवेत नाही, कृपया तपासून पाहा. मग तेच तिनं इंग्रजीत सांगितलं.

लागला नाही वाटतं, अहल्याबाईंच्या मनात आलं. आता हे परत लावतील.

"हां, चंपाक्का," विश्वेश्वरराव म्हणाले. "कशी आहेस?"

फोनमध्ये तीच बाई परत पहिल्यापासून सांगत होती. विश्वेश्वरराव मान हलवत ऐकत होते. मग टूं टूं असं वाजलं आणि फोन गप्प झाला. "हो का?" ते म्हणाले. "मग औषध घेतलंस का?" थांबले. परत मान हलवली. आणि मग ते हसले. कोणी काही गमतीचं बोललं की माणूस हसतो तसं, डोळे बारीक करून.

हसून झाल्यावर ते बायकोकडे वळले आणि नेहमीसारखं एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "चंपाक्का म्हणते, यंदा आंब्याला चव नाही. पण लोणचं घातलंय. बसवंत म्हणतो, आई, वर्षभर मीच खायचं का हे सगळं?"

 अहल्याबाईंच्या मनात पहिली गोष्ट आली ती चंपाक्काची नव्हती. विश्वेश्वररावांचे थोरले भाऊ मल्हारराव शेवटच्या दोन वर्षांत आरशातल्या माणसाला चहा विचारायचे, त्याची वाट बघत बसायचे. ह्यांनाही तेच झालं, असं त्यांना वाटलं. बंद फोनमधून ह्यांना आवाज ऐकू येतात. आणि मी बहिरी, समोर बसून मला कधी कळलं नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून त्या म्हणाल्या, "तिला विचारा, लोणच्यात मेथी भाजून घातली की कच्ची?"

विश्वेश्वररावांनी मेलेल्या फोनला प्रश्न विचारला. नीट, पुरेसा वेळ थांबले. "भाजून," ते म्हणाले. "म्हणते, एवढं तरी ठाऊक आहे मला."

हे अगदी चंपाक्काचंच बोलणं होतं.  अहल्याबाईंनी कशीबशी मान हलवली. फोन 'ठेवल्यावर' विश्वेश्वरराव पिशवी घेऊन बाजारात गेले. जाताना चपला घालत पाठमोरेच पुटपुटले, "चला, झालं एकदाचं." तेही अहल्याबाईंनी ऐकलं.

फोन ते टेबलावरच विसरून गेले होते. अहल्याबाईंनी चंपाक्काचा नंबर स्वतः लावला आणि फोन कानातल्या बोंडाजवळ धरला. तीच बाई बोलली. त्यांनी आणखी दोनदा लावला.

मग त्या वर गेल्या. ऑपरेशननंतर जिना त्या एकेक पायरी थांबत चढायच्या. त्या दिवशी कधी वर पोचल्या हे त्यांना कळलं नाही. मनस्विनी लॅपटॉपसमोर बसली होती. सासूचा चेहरा बघून तिनं मीटिंग सोडली आणि त्यांना पलंगावर बसवलं. छातीत दुखतंय का, असं तिनं विचारलं. अहल्याबाई नाही म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "घाबरू नकोस. ह्यांच्या डोक्याचं काहीतरी बिघडलंय. मल्हारभावोजींसारखं. आत्ता चंपाक्काशी बोलत होते ना, तो फोन लागलेलाच नव्हता. नंबर बंद आहे असं ती बाई सांगत होती. आणि हे बोलत होते. हसत होते."

मनस्विनीनं, बाबांना काय झालं, असं विचारलं नाही. कधीपासून, असंही नाही. ती एकदम पांढरी पडली आणि म्हणाली, "आई, तुम्हांला ते ऐकू आलं?"

 मनस्विनीची नजर त्यांच्या कानांतल्या इअरफोनवर गेली. ते बाहेरचा आवाज आत घेतात हे तिला माहीत होतं, पण सासूला ते दाखवायचं तिला सुचलं नव्हतं.

"बाबांचं डोकं ठीक आहे, आई," ती हळूच म्हणाली.

"मग फोनवर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"चंपाक्कानं नंबर बदलला का?"

मनस्विनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले.  सुनेनं असं पायाशी बसून हात धरले, की पुढं काय ऐकायला मिळणार हे कोणत्याही बाईला कळतं. अहल्याबाईंना कळलं. तरी त्यांनी विचारलं, "केव्हा?"

"मागच्या जूनमध्ये. तुमच्या ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी."

अकरा महिने. अहल्याबाईंनी बोटांवर मोजले. चुकलं असेल म्हणून परत मोजले. मनस्विनी रडत रडत सांगत होती आणि त्यांना ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, हुंदके, नाक ओढणं, सगळं. चंपाक्काला न्यूमोनिया झाला होता. तीन दिवसांत संपलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पेशंटच्या कानावर असलं काही घालू नका, निदान तीन महिने. बाबा बाराव्याला निपाणीला जाऊन आले. 'ह्यांना ताप आहे म्हणून दोन दिवस हॉस्पिटलात येत नाहीत' असं जे अहल्याबाईंना सांगितलं होतं, ते तेव्हाचं. पुढं तीन महिने झाले तेव्हा गौरी तोंडावर आल्या. मग दसरा. मग बाबा म्हणाले, आता कोणत्या तोंडानं सांगू?

"प्रणीतला माहीत आहे?"

मनस्विनीनं मान हलवली.

"देवळातल्या बायकांना?"

त्यांनाही माहीत होतं. शेजारच्या मल्लाप्पांना माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं. रोज दारात गजरा देणाऱ्या फूलवालीलासुद्धा विश्वेश्वररावांनी सांगून ठेवलं होतं, की अक्कांना निपाणीचं काही विचारू नकोस. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या त्या सगळ्या बायकांपुढं अहल्याबाईंनी चंपाक्काच्या गुडघ्यांची काळजी बोलून दाखवली होती. त्या सगळ्या माना हलवत होत्या. एक तर म्हणाली होती, वय झालं की होतंच ते, अक्का.

अहल्याबाई रडल्या नाहीत. त्यांना रडूच येईना. डोक्यात एकामागून एक भलतंच येत होतं. गौरीपुढं आपण पुरणाचे होळिगे केले, चंपाक्काच्या आवडीचे म्हणून दोन जास्त. तिच्यासाठी विणलेली लोकरीची टोपी बसवंतच्या पत्त्यावर पाठवली. ती मिळाली, छान बसली, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. कोणी सांगितलं होतं?

त्या खाली आल्या. मनस्विनी मागोमाग आली. त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि अंगावरच्या इरकलीसकट मोरीत जाऊन थंड पाण्याचे तांबे डोक्यावर ओतून घेतले. बहीण गेल्याचं कळलं की अंघोळ करायची असते. ती त्यांनी अकरा महिन्यांनी केली. कानात आता काही नव्हतं, पाण्याचाही आवाज येत नव्हता. मनस्विनी दारात पंचा घेऊन काहीतरी म्हणत होती, तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

विश्वेश्वरराव आले तेव्हा अहल्याबाई कोरडी साडी नेसून, ओले केस पाठीवर सोडून त्याच वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. इअरफोन परत कानात होते. विश्वेश्वररावांनी ओले केस बघितले, सुनेचा चेहरा बघितला आणि पिशवी खाली ठेवली. दोडके घरंगळत खुर्चीखाली गेले.

"तुम्ही हसलात," अहल्याबाई म्हणाल्या. "मघाशी. फोन बंद होता आणि तुम्ही हसलात."

त्यांची नजर बायकोच्या कानांकडे गेली.

"मला ऐकू येतंय. हळू बोललात तरी चालेल."

विश्वेश्वरराव उभेच राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर काही राखून ठेवलं नाही. शुद्धीवर आल्यावर अहल्याबाईंनी पहिलं काय म्हटलं होतं ते त्यांना स्वतःला आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, चंपाक्काला कळवा. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीशी पाच मिनिटं उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, कळवलं. पहिलं खोटं ते. घरी आल्यावर पहिल्या गुरुवारी अहल्याबाई फोन करायचा म्हणून बसल्या. बसवंतनं आईचा फोन चालू ठेवला होता, त्यानंच उचलला. बिचारा आईच्या जागी हुं हुं करत राहिला. त्याला ते फार दिवस जमेना. शेवटी त्यानं नंबर बंद होऊ दिला. पण नंबर लावल्याशिवाय फोटो येत नव्हता, आणि फोटो दिसल्याशिवाय अहल्याबाई बोलत नव्हत्या. म्हणून ते बंद नंबर लावत राहिले.

दर बुधवारी संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन बसवंतला फोन करायचे. तिकडं काय चाललंय ते विचारून घ्यायचे, पाऊस, आंबे, शेजारपाजार. आपल्या मनचं त्यात फार थोडं घालायचे. यंदा लोणचं बसवंतच्या बायकोनं घातलं होतं, मेथी भाजूनच.

"दर आठवड्याला ठरवायचो, की आज सांगायचं," ते म्हणाले. "आणि तू केस विंचरून येऊन बसायचीस."

"म्हणजे माझंच चुकलं."

"तसं नाही गं."

"मग कसं? टोपी छान बसली म्हणालात. ते कोणी सांगितलं होतं तुम्हांला?"

 विश्वेश्वरराव खुर्चीवर बसले, चष्मा काढला आणि रडायला लागले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात अहल्याबाईंनी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. तो बारीक, चिरका आवाज त्यांना सहन होईना. बोंड काढलं असतं तर थांबला असता. पण त्यांनी ते काढलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. उद्याची तिकिटं काढायला सांगा प्रणीतला."

शनिवारी सकाळी ते दोघं निपाणीत उतरले. बसवंत स्टँडवर आला होता. तो साखर कारखान्याच्या कचेरीत काम करायचा, पन्नाशीचा, आईसारखाच रुंद चेहऱ्याचा. तो वाकून मावशीच्या पाया पडला. घरी त्यानं भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. फोनमध्ये यायचा तोच. त्याखाली लोकरीची टोपी खुंटीला टांगलेली होती, वापरलेली नव्हती.

अहल्याबाईंनी त्याला समोर बसवलं आणि शेवटचे दिवस सांगायला लावले. सगळं सांग, म्हणाल्या, मला आता काही लपवून ठेवलेलं नको. बसवंत सांगत गेला. ताप कसा चढला, हॉस्पिटलात कसं नेलं. आणि मग थांबला.

"मावशी, मीपण खोटं बोललो," तो म्हणाला. "फक्त तुमच्याशी नाही. आईशीपण."

चंपाक्का खाटेवर पडल्यापडल्या एकच विचारत होती, अहल्येचं ऑपरेशन कसं झालं. बसवंतनं बंगळूरला फोन केला, तर काका म्हणाले, अजून शुद्ध नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. इकडं हिचा श्वास लागलेला, नजर दारावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवंत बाहेर जाऊन आला आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाला, मावशी उठली, चहा मागितला.

"मग?" अहल्याबाईंनी विचारलं.

"आई म्हणाली, साखर कमी घालायला सांग, तिला शुगर आहे. मग झोपली. सकाळी..."

अहल्याबाईंच्या मनात आलं, आपण तिकडं नळ्या लावून निपचित पडलो होतो आणि इकडं आपण उठून चहा मागितला होता. चंपाक्का ते खरं मानून गेली. बसवंतला रागवावं असं त्यांना वाटेना. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसावर एवढा राग का, हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. पण तो होता.

"मला शुगर कधीच नव्हती," त्या म्हणाल्या. "तिलाच होती." आणि मग त्यांना रडू आलं, गुरुवारपासून अडकलेलं सगळं. बसवंतची बायको आतून धावत आली. विश्वेश्वरराव दोन पावलं पुढं आले आणि थांबले.

त्या चार दिवस निपाणीत राहिल्या. परत आल्यावर मनस्विनीनं कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांना नवीन मशीनं बसली. ती दिसतात. देवळात ती घालूनच अहल्याबाई जातात. पहिल्या दिवशी तिथल्या बायका जवळ येऊन बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की मला आता सगळं ऐकू येतं.

विश्वेश्वररावांशी त्या बोलतात, पण कामापुरतं. वर्षश्राद्धाला दोघं परत जाऊन आले. येताना गाडीत विश्वेश्वररावांनी विचारलं, "अजून राग आहे का?" अहल्याबाई म्हणाल्या, आहे. किती दिवस राहील, असं त्यांनी विचारलं. ते मलाही माहीत नाही, त्या म्हणाल्या, आणि डब्यातली इडली त्यांच्या हातावर ठेवली.